गिझरचा लाल दिवा

दाराला कुलूप लावता लावता मुंबईकराला हटकून आठवतं: गिझर बंद केला ना? अर्धे चपला काढून परत आत जातात. उरलेल्यांकडे सबब तयार असते, "असू दे चालू. गार पाणी पुन्हा तापवायला उलट जास्त वीज खातो."

थंड देशांत रात्री हीटरचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवणारा भाग, उतरवावा का, यावरून घरोघरी हाच वाद. आपला थर्मोस्टॅट म्हणजे बाथरूमच्या छताखाली टांगलेल्या १५ लिटरच्या टाकीच्या बुडाशी असलेलं बटण. पण उत्तर तेच: बंद केलं की वीज वाचते, वाढत नाही. टाकीतून किती उष्णता गळणार, हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी निवत जातं तशी गळतीही मंदावते, आणि नंतर भरून काढायची ती गळली तेवढीच. टाकी सतत तापलेली ठेवली, तर गळतीही सतत पूर्ण जोरात.

खात्री हवी तर रात्री लाल दिवा विझेपर्यंत तापवा आणि बंद करा. सकाळी नळ न सोडता चालू करून घड्याळ बघा. २ किलोवॉटचा गिझर समजा ४ मिनिटांत थांबला, तर रात्रभरात ०.१३ युनिट गेलं. झोपताना गिझर बंद केल्याने वाचतं ते याहूनही थोडकं, कारण एवढी गळती तर बंद असतानाही झालीच! खरी बचत रात्री तापवूनच न ठेवण्यात आहे. २६ अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला सुमारे १८ मिनिटं लागतात. चहा होईपर्यंत काम झालं.

आता ते बटण. ते ६० वरून ४५ वर आणलं की आंघोळ स्वस्त होईल, असं वाटतं. होत नाही. २० लिटरच्या बादलीत ४० अंशांचं पाणी हवं, तर ०.३३ युनिट उष्णता लागणारच, बटण कुठेही असो. वाचते ती फक्त टाकीची गळती. वर तोटा असा, की ६० अंशांचं पाणी असेल तर बादलीत सव्वाआठ लिटर पुरतं, बाकी थंड. ४५ वर मात्र जवळजवळ पंधरा लिटर, म्हणजे अख्खी टाकी एका बादलीत रिकामी. शिवाय खालून थंड पाणी शिरत असतंच, त्यामुळे शेवटचे तांबे कोमटच येतात. त्यात अशा कोमट साठ्यात लिजिओनेलासारखे, न्यूमोनिया करणारे जंतू वाढू शकतात. ६० ला ते टिकत नाहीत.

टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल, तर मात्र बटण थोडं खाली असलेलं बरं. पाणी जितकं कढत, तितका क्षार कॉइलवर जास्त बसतो. त्या पांढऱ्या थराआड कॉइलची उष्णता कोंडते आणि एक दिवस ती जळते. टाकीतून केटलीसारखा खडखड आवाज येऊ लागला, की मेकॅनिकला बोलवायचं.