आईचे पाय आणि देन्की मोफू

तोक्योत बर्फ क्वचितच पडतं, पण घरातल्या घरात हुडहुडी भरते. निशिकासाईतल्या आमच्या जुन्या फ्लॅटच्या खिडक्या एकेरी काचेच्या, भिंती पातळ. सगळं घर तापवणं इथे कुणी करत नाही. ज्या खोलीत बसायचं तेवढीच तापवायची, आणि झोपताना देन्की मोफू, म्हणजे विजेचं ब्लँकेट. वीज खातं पन्नासेक वॅट, आपल्या जुन्या बल्बएवढी.

गेल्या जानेवारीत आई नाशिकहून आली. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे, तळपाय थोडे बधिर. मी मोठ्या हौसेने तिच्या गादीवर ते अंथरलं आणि रात्रभर चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी घोट्यापाशी फोड!

"अगं, पण चटका बसलाच नाही," आई म्हणत राहिली.

डॉक्टरांनी फोड बघताक्षणी सांगितलं, 'तेइओन याकेदो'. कमी तापमानाने भाजणं. इथे हा शब्द घरोघरी माहीत असतो, मलाच नव्हता. 44 अंशांची वस्तू एकाच जागी तीन-चार तास टेकून राहिली तरी कातडी भाजते. इथे टबातल्या अंघोळीचं पाणी 41-42 अंशांचं असतं, म्हणजे फरक किती थोडा बघा. वरून दिसतो एवढासा डाग, पण जखम खोल जाते. आईची भरायला दीड महिना लागला. मला शॉकची आणि आगीची भीती होती. उबेची भीती मनातही आली नव्हती.

आता आमच्याकडे ते झोपण्याआधी अर्धा तास लावतो आणि अंथरुणात शिरताना बंद. त्यावर गादीतले बारीक किडे मारण्यासाठी एक जास्त तापाचं बटण आहे, ते रिकाम्या गादीसाठी. त्यावर झोपायचं नाही. दुमडलेलं असताना चालू करायचं नाही आणि टाचण्या तर मुळीच टोचायच्या नाहीत, कारण आत तारेचं जाळं असतं.

एवढं होऊनही निघताना आई ते बॅगेत भरत होती. इथली वीज 100 व्होल्टची, आपली 230. तिथे थेट लावलं तर उष्णता सव्वादोन पट नाही, पाचपटीहून जास्त. हे गणित तिला कागदावर करून दाखवलं, तेव्हा कुठे ते बॅगेतून बाहेर आलं.

"राहू दे मग," ती म्हणाली, "माझ्या गोधडीला बटण नाही तेच बरं."