एकाच मेंढीतले दोन विषाणू

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेलगतच्या डोंगराळ भागात पशुवैद्य म्हणून काम करताना मेंढ्यांच्या फुफ्फुसाचा एक संसर्गजन्य कर्करोग मला वरचेवर पाहावा लागतो. तो यागसिक्टे नावाच्या रेट्रोव्हायरसमुळे, म्हणजे आपली जनुके पेशीच्या जनुकसंचात घुसवणाऱ्या विषाणूमुळे होतो. क्लोनिंगने जन्मलेल्या डॉली या मेंढीला १४ फेब्रुवारी २००३ रोजी दयामरण द्यावे लागले, ते याच रोगामुळे.

एका हिवाळी दिवशी एका कळपातल्या गाभण मेंढ्यांच्या पोटाची सोनोग्राफी ठरलेली होती; पण आदल्या मोसमात काही मेंढ्या खंगून मेल्यामुळे छातीही पाहावी, असे मालकाचे म्हणणे पडले. निरोगी फुफ्फुसाची कड पडद्यावर पांढऱ्या, लख्ख रेषेसारखी दिसते, कारण आत हवा असते आणि ध्वनिलहरी तिथूनच माघारी फिरतात. चारेक वर्षांच्या एका मेंढीत, पुढच्या पायाच्या कोपरामागे खालच्या अंगाला, ती रेषा तुटलेली होती आणि तिच्या जागी ठळक कडांचा, गडद करडा, भरीव भाग दिसत होता. पोटात जुळी होती. दोघांचीही हृदये स्पष्ट धडधडताना दिसली. तिचे मागचे पाय उचलून डोके खाली केले, तेव्हा दोन्ही नाकपुड्यांतून पातळ, फेसाळ पाणी ओघळू लागले. अर्बुदाच्या, म्हणजे कर्करोगाच्या गाठीच्या, पेशींतून पाझरणारे हे पाणी विषाणूने भरलेले असते आणि हिवाळ्यात दाटीवाटीने गोठ्यात कोंडलेल्या कळपात ते श्वासावाटे इतरांपर्यंत पोहोचते.

मालकाने साहजिकच विचारले, की सगळ्या कळपाचे रक्त का तपासत नाही? ज्यांच्यात रोग सापडेल, त्या बाजूला काढता येतील. हा प्रश्न मला प्रत्येक कळपात विचारला जातो आणि त्याचे उत्तर देताना मेंढीच्या जनुकसंचापर्यंत जावे लागते. रक्तातून लागण ओळखायची, तर बहुधा त्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी) शोधतात; पण या रोगात ती जवळपास तयारच होत नाहीत. कारण प्रत्येक मेंढीच्या जनुकसंचात याच विषाणूच्या अगदी जवळच्या भाऊबंदांच्या किमान २७ प्रती आहेत. लक्षावधी वर्षांपूर्वीपासून हे विषाणू मेंढीच्या पूर्वजांच्या बीजपेशींत वेळोवेळी शिरत गेले आणि आईबापांकडून कोकरांकडे वंशपरंपरेने येत राहिले. त्यांची प्रथिने कोकरू गर्भात असतानाच बनू लागतात, त्यामुळे प्रतिकारयंत्रणा त्यांना आपलीच मानते आणि पुढे बाहेरून आलेला, रोग पसरवणारा विषाणूही तिला परका वाटत नाही. पीसीआर, म्हणजे विषाणूची जनुके शोधणारी चाचणी करावी, तर वारशाने आलेल्या आणि बाहेरच्या विषाणूंत वेगळा असलेला विषाणूच्या टोकाचा तुकडाच नेमका हेरावा लागतो. नाहीतर प्रत्येक मेंढी बाधित ठरेल. शिवाय रक्तात बाधित पेशी इतक्या विरळ असतात, की रोग असूनही अहवाल पुष्कळदा नकारात्मक येतो.

मालकाने मग विचारले, की असल्या विषाणूंचा हा वारसा मेंढीने बाळगलाच कशाला? मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटते ते इथेच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी गाभण मेंढ्यांच्या गर्भाशयात या अंतर्जात, म्हणजे वारशाने आलेल्या, विषाणूंचे आवरण-प्रथिन (विषाणूच्या बाहेरच्या वेष्टनातले प्रथिन) तयार होऊ दिले नाही, तेव्हा भ्रूणाभोवतीचे आवरण नीट वाढले नाही आणि गर्भ टिकले नाहीत. म्हणजे मेंढीची वार रुजते, ती या जुन्या विषाणूंच्या प्रथिनाच्या आधाराने. बाहेरून येणाऱ्या विषाणूचे आवरण-प्रथिन त्याच घडणीचे आहे. मात्र त्याच्या शेपटीत अमिनो आम्लांचा एक छोटा क्रम आहे, जो घरच्या प्रतींत आढळत नाही, आणि फुफ्फुसातील पेशीला कर्करोगाकडे लोटण्यात त्याचा मोठा वाटा आहे. याउलट, घरच्या प्रतींपैकी निदान दोन अशा आहेत, की त्या बाहेरच्या विषाणूचे नवे कण पेशीबाहेर पडू देत नाहीत. फुफ्फुसात ही अटकाव करणारी यंत्रणा पुरी पडत नाही, हे तर समोरच्या मेंढीवरून दिसतच होते.

मेंढी विण्यापर्यंत तगेल, याची शाश्वती नव्हती आणि तोवर ती रोज विषाणू पसरवत राहिली असती. तिला दयामरण द्यायला मालकाने जड मनाने होकार दिला. शवविच्छेदनात फुफ्फुसे उघडल्यावरही खाली बसली नाहीत. खालचे भाग जांभळट-करडे, घट्ट आणि कापल्यावर ओले चमकणारे होते, तर श्वासनलिका फेसाने भरलेली होती. गर्भाशय उघडले, तेव्हा वारेच्या लालसर गाठी भरदार होत्या आणि दोन्ही गर्भ त्यांच्या वयाला साजेसे वाढलेले होते. एका प्रथिनाची दोन रूपे आणि त्यांची दोन कामे मी त्या मेजावर शेजारी शेजारी पाहत होते. अर्बुदाचा नमुना पाठवला, त्यात बहिर्जात, म्हणजे बाहेरून आलेला, विषाणू सापडला.

आइसलँडमध्ये १९३३ साली जर्मनीहून आणलेल्या काराकुल मेंढ्यांबरोबर हा रोग आला आणि १९५२ पर्यंत त्याचे उच्चाटन झाले, पण त्यासाठी मुलखाच्या मुलखातील कळप कापावे लागले. तसे करणे आमच्या मालकाला शक्य नव्हते. बाधित मेंढ्यांची कोकरे पैदाशीसाठी ठेवायची नाहीत, लहान-मोठ्या वयाची जनावरे एकाच गोठ्यात कोंडायची नाहीत, आणि सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरहून लहान अर्बुद सोनोग्राफीत निसटते म्हणून ठरावीक काळाने साऱ्या कळपाची छाती पुन्हा पाहायची, एवढे आम्ही ठरवले.