मॉरिसव्हिल: मुलांकडे नॉर्थ कॅरोलायनाला जाणाऱ्या आई-बाबांसाठी

नॉर्थ कॅरोलायनात तुमचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर मॉरिसव्हिल हे नाव कानावर आलेलं असणारच. आमच्या लेकीने तिथं घर घेतलं, म्हणून यंदा आम्हा दोघांचा मुक्काम तिथं झाला. परत आल्यापासून ओळखीतले बरेच जण विचारतात, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" नायगारा आणि न्यूयॉर्कच्या यादीत हे गाव कधी येणार नाही. पण अमेरिका आत्ता कशी बदलते आहे हे बघायचं असेल तर इतकी सोयीची जागा दुसरी नाही, असं माझं मत झालं आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रवासाचं. राली-डरहॅम विमानतळाचा टपालाचा पत्ताच मॉरिसव्हिलचा आहे, त्यामुळे उतरलं की गाव आलंच. भारतातून थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा शिकागोला विमान बदलण्यापेक्षा लंडन, पॅरिस किंवा फ्रँकफर्टहून थेट राली-डरहॅमला येणारं विमान धरा. मग इमिग्रेशन तिथंच होतं, रांग छोटी असते आणि पुढचं विमान गाठायची धावपळ उरत नाही. मात्र ज्या देशातून जाणार तिथले ट्रान्झिट व्हिसाचे नियम तिकीट काढण्यापूर्वी बघून घ्या. बॅगेत कढीपत्ता नेऊ नका, कस्टममध्ये काढून घेतात. गोडा मसाला आणि मेतकूट जरूर न्या. बाकी सगळं तिथं मिळतं.

आता गावाविषयी. २००० सालच्या जनगणनेत मॉरिसव्हिलची लोकसंख्या ५,२०८ होती. २०१० मध्ये ती १८,५७६ झाली आणि २०२० मध्ये २९,६३०. वीस वर्षांत साडेपाच पटींहून जास्त! त्यातही चाळीस टक्क्यांहून जास्त लोक आशियाई वंशाचे, आणि त्यांत मोठा वाटा भारतीयांचा. दक्षिणेकडच्या राज्यातलं हे गाव आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्यांचं वजन कळतं. सरासरी कुटुंबाची वर्षाची मिळकत एक लाख डॉलरच्या वर जाते. रस्त्यावर दिसणारी माणसं बहुतेक तिशी-चाळिशीतली आणि बरोबर लहान मुलं.

हे घडलं कशामुळे? गावाच्या शेजारी रिसर्च ट्रँगल पार्क आहे, म्हणजे बाग नव्हे, कंपन्या आणि संशोधनसंस्थांची वसाहत. १९५९ मध्ये, तंबाखू आणि कापडगिरण्यांवर जगणाऱ्या या राज्यातली शिकलेली मुलं बाहेर जाऊ नयेत म्हणून ड्यूक, चॅपल हिलचं विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट या तीन विद्यापीठांच्या मधल्या पाइनच्या रानात हे पार्क उभं केलं. पुढे आयबीएम आली, सिस्को आली, औषधकंपन्या आल्या. लेनोव्होचं अमेरिकेतलं मुख्यालय तर मॉरिसव्हिलमध्येच आहे. एका बाजूला हे पार्क, दुसऱ्या बाजूला विमानतळ आणि तिसरीकडे पावणेदोन लाख वस्तीचं केरी शहर. या सगळ्यांच्या मध्ये मॉरिसव्हिल अडकलेलं आहे. विमानांच्या आवाजाच्या पट्ट्यात घरं बांधायला मर्यादा आहेत, म्हणून उरलेल्या जागेत टाउनहाउसांच्या, म्हणजे एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांच्या, रांगाच रांगा दिसतात.

पहिले काही दिवस तुम्हाला सगळं सारखंच वाटेल. तीच करड्या-तपकिरी रंगाची घरं, तेच कापलेलं हिरवळीचं चौकोनी अंगण, तेच पार्किंग. गावाला जुना बाजारपेठेचा चौक असा नाही. पण संध्याकाळी सहानंतर चालायला बाहेर पडा. शर्ट-पँटवर पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेले आजोबा, पंजाबी ड्रेसवर जॅकेट चढवलेल्या आज्या, स्ट्रोलरमधली नातवंडं. सगळे तुमच्यासारखेच सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले. तेलुगू सगळ्यात जास्त ऐकू येते, मग हिंदी, तमिळ, गुजराती. मराठी कानावर पडली की दोन्हीकडची माणसं थांबतात. मला तिथं एक नागपूरच्या बाई भेटल्या. त्या रोज तळ्याच्या कडेच्या बाकावर बसून नातीला पाढे म्हणायला लावत, आणि शेजारचा चिनी आजोबा तिच्याबरोबर ताल धरून मान हलवत असे. बे एके बेपासून दाही दाहीपर्यंत त्याची मान थांबत नसे.

क्रिकेटचं मैदान मात्र चुकवू नका. चर्च स्ट्रीट पार्क हे टाउनने स्वतः उभारलेलं सार्वजनिक मैदान आहे. पूर्ण मापाचं, हिरवळीचं, मातीच्या खेळपट्टीचं. अमेरिकेत गावाच्या पैशातून असं मैदान होणं किती दुर्मिळ आहे, हे जावयाने सांगितलं तेव्हा कळलं. २०१८ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या पात्रता फेरीचे सामने इथं झाले, आणि जुलै २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेट या अमेरिकेतल्या टी-ट्वेंटी स्पर्धेच्या पहिल्याच हंगामात टेक्सासमधल्या ग्रँड प्रेरीच्या जोडीला याच मैदानावर सामने भरले. एरवी शनिवारी-रविवारी स्थानिक लीगचे सामने असतात. तिकीट नसतं. आम्ही गेलो तेव्हा सीमारेषेजवळ घडीच्या खुर्च्या टाकून घरचे लोक बसलेले होते, एका कुलरमध्ये ताक होतं, आणि स्कोअर लिहायला एक गोरा मुलगा बसला होता. त्याला एलबीडब्ल्यूचा नियम आमच्या ह्यांच्याइतकाच चोख माहीत होता. सावली कमी आहे, टोपी आणि खुर्ची घरून न्या.

हे सगळं बघून आपल्या माणसांचा समज असा होतो की हे गाव भारतीयांनी वसवलं. तसं नाही, आणि हे मला आवर्जून सांगायचं आहे. १८५२ मध्ये जेरेमाया मॉरिस नावाच्या माणसाने रेल्वेला जमीन दिली, तिथं स्टेशन झालं आणि त्याच्या नावावरून गावाला नाव पडलं. १८६५ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, रालीहून माघार घेणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याची आणि उत्तरेच्या घोडदळाची चकमक याच स्टेशनावर झाली. १८७५ मध्ये गावाला स्वतःच्या कारभाराची सनद मिळाली, १९३३ मध्ये ती रद्द झाली, १९४७ मध्ये परत मिळाली. रेल्वेमुळे जन्मलेल्या या गावात आज एकही प्रवासी गाडी थांबत नाही. अ‍ॅमट्रॅकच्या गाड्या शिट्टी मारत निघून जातात. बसायचं असेल तर केरीला जावं लागतं.

मॉरिसव्हिलमधल्याच शिलोहबद्दल तर आमच्या लेकीलाही फारसं माहीत नव्हतं. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसवलेली ही वस्ती. तिचं चर्च आणि जुनी घराणी अजून तिथं आहेत, आणि भोवती नव्या टाउनहाउसांचा आणि ऑफिसांचा वेढा पडत चालला आहे. जमिनीची किंमत वाढली की कर वाढतो आणि जुन्या माणसाला राहणं जड जातं. आपल्याकडे पुण्याच्या कडेच्या गावांतून हेच चाललेलं आपण बघतो. हिंजवडीत ज्याची शेती होती त्याला विचारा. म्हणून मुलांना म्हणावं, ज्या जागेवर राहता तिथल्या जुन्या माणसांची ओळख करून घ्या. त्या बाजूने फिरायला गेलात तर गाडी सावकाश चालवा, फोटो काढत सुटू नका, आणि कोणी हात केला तर थांबून बोला. तिथली वयस्क माणसं बोलकी आहेत.

इतिहासाची आवड असेल तर डरहॅमजवळचं बेनेट प्लेस अर्ध्या तासाच्या आत येतं. २६ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेच्या जनरल जॉन्स्टनने उत्तरेच्या जनरल शर्मनपुढे शरणागती पत्करली ती याच साध्या शेतघरात, आणि यादवी युद्धातली ती सर्वात मोठी शरणागती होती. प्रवेश फुकट.

पुन्हा मुलांच्या गावाकडे. तिथं राहणाऱ्या आपल्या पुष्कळ मुलांना अजून मतदान करता येत नाही. ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे की घर घेतलं, कर भरला, मुलं तिथं जन्मली, तरी मत नाही. पण टाउन कौन्सिलच्या सभेत रहिवासी म्हणून उभं राहून बोलता येतं, आणि कौन्सिलमध्ये भारतीय वंशाचे सदस्य निवडून आलेले आहेत. सभा सगळ्यांना खुल्या असतात. आम्ही एक बसून ऐकली. विषय रस्ता रुंद करण्याचा आणि शाळेत जागा नसण्याचा. नगरपालिकेत नोकरीला असताना मी असल्या सभा पुष्कळ पाहिल्या, पण तीन मिनिटांच्या घड्याळात प्रत्येकाचं बोलणं इतकं शांतपणे ऐकून घेतलेलं क्वचित पाहिलं.

शाळेचा प्रश्न खरा आहे. नातवंडं शाळेत जाणार असतील तर घर भाड्याने घेताना मुलांनी काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) शाळा खात्याकडे त्या नेमक्या पत्त्याची शाळा विचारून घ्यावी. घराजवळची शाळा भरलेली असली तर नव्या मुलाला लांबच्या शाळेत पाठवतात. शिवाय काही शाळा वर्षभर चालतात. साधारण नऊ आठवडे शाळा, तीन आठवडे सुट्टी, आणि वर्ष जुलैत सुरू. आजी-आजोबांनी आपला मुक्काम त्या सुट्ट्यांना जुळवून ठरवला तर सुनेच्या किंवा लेकीच्या डोक्यावरचा मोठा भार उतरतो.

गाडी चालवत नसाल तर दुपारभर घरात बसून कंटाळा येतो, ही सगळ्यांची तक्रार. त्यावर उपाय म्हणजे टाउनची स्मार्ट शटल ही छोटी बस. २०२१ पासून चालू आहे, फोनवरून बोलवायची, ठरलेल्या थांब्यावर चढायचं, पैसे पडत नाहीत. मुलांकडून पहिल्याच आठवड्यात फोनवर अ‍ॅप लावून घ्या. लायब्ररी, दुकानं, बागा एकट्याने जमायला लागतं. देवळांसाठी मॉरिसव्हिलमधलं हिंदू सोसायटीचं मंदिर आहे. केरीचं व्यंकटेश्वराचं मंदिर मोठं आहे, त्याच्या ८७ फुटी गोपुराचं उद्घाटन २०२२ च्या दिवाळीत तिथल्या गव्हर्नरांनी केलं. वाणसामानाला केरीतलं चॅटम स्क्वेअर. शांतपणा हवा असेल तर लेक क्रॅबट्रीच्या काठाने चाला. विमानं डोक्यावरून जातात, नातवंडांना तेच आवडतं.

जायचं कधी? मार्चअखेर ते एप्रिलमध्ये पाइनचे पराग असे पडतात की गाड्या, पायऱ्या, खिडक्या सगळं पिवळं, जेजुरीला भंडारा उधळावा तसं. दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर हे दिवस टाळा. जुलै-ऑगस्ट मुंबईसारखा दमट. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पानं रंगतात, हवा गोड असते आणि क्रिकेटही चालू असतं. प्रवासाचा आरोग्यविमा घेताना जुनी दुखणी त्यात धरली आहेत का हे एजंटकडून लेखी घ्या, नेहमीची औषधं पूर्ण मुक्कामाची न्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट लिहून घ्या. किरकोळ दुखण्याला हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न जाता अर्जंट केअर नावाच्या दवाखान्यात जायचं. बिलात फार मोठा फरक पडतो.