ओबोच्या मागे थांबलेले व्हायोलिन

जर्मन संगीतकार ब्राम्सच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचा, म्हणजे एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या रचनेचा, दुसरा भाग मी कित्येक महिने सुरुवातीपासून ऐकलाच नव्हता. पहिला भाग संपला की मी सवयीने बोट सरकवून ध्वनिमुद्रण थोडे पुढे नेत असे, कारण या भागाच्या आरंभी व्हायोलिन वाजतच नाही. जवळजवळ दोन मिनिटे ओबो एक संथ, लांब सुरावट वाजवतो, भोवती बाकीची फुंकवाद्ये असतात आणि एकल वादक नुसता उभा राहतो. मी व्हायोलिन ऐकायला बसलो आहे, मग ओबोसाठी का थांबावे, असा माझा साधा हिशेब होता.

एके रात्री भांडी घासताना हाच कॉन्चेर्टो लावला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने माखलेले होते आणि फोन वरच्या फळीवर होता, त्यामुळे तो भाग पुढे ढकलणे शक्य नव्हते. नाइलाजाने ओबो ऐकला. मग व्हायोलिन आले. त्याने तीच सुरावट उचलली, पण जशीच्या तशी नाही. एकेका स्वराभोवती रेंगाळत, मूळ वळण कुठे मोडत तर कुठे लांबवत ते पुढे गेले. ओबोचे बोलणे आधी नीट ऐकून घेतल्यामुळेच त्याला आपले काही बोलता येत होते, आणि ते बोलणे वगळून उत्तर तेवढे मी इतके महिने ऐकत आलो होतो. नळ बंद करून मी तो भाग पुन्हा पहिल्यापासून लावला.

माझी चूक निदान मोठ्या माणसाच्या पंगतीतली होती, हे नंतर कळले. हा कॉन्चेर्टो १ जानेवारी १८७९ रोजी लाईपझिगमध्ये प्रथम वाजला. व्हायोलिनवर योझेफ योआखिम होते आणि संचालन खुद्द ब्राम्स करत होते. त्या काळातले दुसरे विख्यात व्हायोलिनवादक पाब्लो दे सारासाते यांनी मात्र तो वाजवायला नकार दिला. संपूर्ण रचनेतली खरी सुरावट ओबो वाजवत असताना हातात व्हायोलिन धरून ऐकत उभे राहण्याची त्यांची तयारी नव्हती, असे सांगतात. सारासाते यांचे म्हणणे वादक म्हणून समजण्यासारखे आहे. श्रोता म्हणून मात्र माझे मत आता नेमके उलट झाले आहे, आणि त्या रात्रीपासून व्हायोलिन व ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या रचनांत मी एकच गोष्ट शोधतो: व्हायोलिन आपली पुढची जागा कुठे सोडते?

मेन्डेल्सझोनच्या ई मायनर कॉन्चेर्टोत ही जागा ऐन कडेन्झाच्या शेवटी आहे. कडेन्झा म्हणजे ऑर्केस्ट्रा गप्प बसतो आणि वादक एकटा आपले सारे कौशल्य दाखवतो तो टप्पा. प्रथेप्रमाणे कडेन्झा रचनेचा एखादा भाग संपत आल्यावर येत असे आणि पुष्कळदा वादकाच्या मर्जीवर सोडलेला असे. मेन्डेल्सझोनने तो स्वतः लिहून काढला आणि पहिल्या भागाच्या मध्यावर आणून बसवला. कडेन्झाच्या अखेरीस गज चारही तारांवर उसळू लागतो, स्वरांच्या लाटा एकसारख्या वर-खाली होतात, आणि आपण काहीतरी दणदणीत होण्याची वाट पाहत असताना ऑर्केस्ट्रा अगदी दबक्या आवाजात मूळ सुरावट घेऊन परत येतो. व्हायोलिनच्या लाटा थांबत नाहीत, पण आता त्या साथीच्या झालेल्या असतात. क्षणापूर्वीचा नायक नेमक्या कोणत्या स्वरावर साथीदार झाला, हे मला दहा-बारा वेळा ऐकूनही बोट ठेवून सांगता आलेले नाही.

बेथोव्हेनच्या कॉन्चेर्टोचा (१८०६) संथ भाग याहूनही पुढे जातो. तारांखालच्या घोडीवर म्यूट, म्हणजे आवाज दबका करणारा चिमटा, बसवलेली ऑर्केस्ट्रातली तंतुवाद्ये आधी मूळ सुरावट मांडतात, मग ती क्लॅरिनेट आणि हॉर्नकडे जाते, मग ‘बसून’ या खर्जातल्या फुंकवाद्याकडे. एकल व्हायोलिन तोवर वरच्या पट्टीत नुसती नक्षी काढत राहते. कौशल्याचे प्रदर्शन पाहायला आलेल्याला यात फारसे काही सापडणार नाही. ही रचना बरीच वर्षे मागे पडली होती. तिला खरी प्रतिष्ठा १८४४ च्या लंडनमधल्या मैफलीनंतर मिळू लागली. तिथे संचालन मेन्डेल्सझोन करत होते आणि व्हायोलिन वाजवणारा योआखिम अवघ्या बारा वर्षांचा होता.

केवळ बोटांची चपळाई दाखवण्यासाठी लिहिलेल्या रचनाही मी ऐकल्या. थक्क झालो, पण पुन्हा लावाव्याशा वाटल्या नाहीत.

राल्फ व्हॉन विल्यम्स यांची ‘द लार्क असेंडिंग’ ही मात्र माझ्या शोधाला न जुमानणारी रचना आहे. १९१४ साली लिहिलेली ही रचना त्यांनी महायुद्धानंतर सुधारली आणि १९२१ मध्ये मेरी हॉल यांनी ती लंडनमध्ये ऑर्केस्ट्रासह प्रथम वाजवली. आरंभी ऑर्केस्ट्रा एक मंद स्वरसंघ धरून ठेवतो आणि त्यावर व्हायोलिन तालाच्या बंधनाशिवाय, चंडोल पक्षी गात गात उंच चढावा तसे, वर जात राहते. शेवटी ऑर्केस्ट्राच थांबतो आणि व्हायोलिन एकटे उरते. इथे जागा सोडतो तो ऑर्केस्ट्रा.

सध्या मी आल्बान बेर्ग यांच्या १९३५ च्या कॉन्चेर्टोपाशी अडकलो आहे. मानोन ग्रोपिउस या अठरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या स्मरणार्थ त्यांनी तो लिहिला आणि त्याच वर्षअखेर ते स्वतः गेले. पहिल्यांदा ऐकताना तो मला कोरडा वाटला. शेवटच्या भागात बाखच्या एका प्रार्थनागीताची सुरावट क्लॅरिनेटवर येते, आणि तिच्यानंतर बेर्ग एक विलक्षण गोष्ट मागतात: एकल वादकाने पुढाकार घ्यावा, ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिन-व्हायोला वादकांनी एकामागून एक त्याच्या सुरावटीत सामील व्हावे आणि मग तसेच एकेक करून बाजूला व्हावे, आणि हे श्रोत्यांना ऐकूच नव्हे, तर दिसूही द्यावे. इअरफोनवर त्यातले ऐकण्याचे तेवढे माझ्या वाट्याला येते. एक आवाज हळूहळू जाड होत जातो आणि पुन्हा एकट्या तारेइतका बारीक होतो. दिसण्याचा भाग मी अजून पाहिलेला नाही.