सप्टेंबरची तयारी

सप्टेंबरपासून मी इयर सेव्हनची, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षाची, 'हेड ऑफ इयर'. इकडे इंग्लंडच्या शाळांत या पदाकडे शिकवण्यापलीकडचं सगळं येतं: हजेरी, भांडणं, घरचे प्रश्न, रडू. मुलं जेमतेम ११ वर्षांची, वेगवेगळ्या प्रायमरी शाळांतून आलेली.

आज दिवसभर सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांना छळापासून, दुर्लक्षापासून जपण्याचं, प्रशिक्षण होतं. एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. मूल म्हणालं, "मिस, सांगते, पण कुणाला सांगू नका," तर तसं वचन द्यायचंच नाही. शांतपणे ऐकायचं. "घरी कुणी मारलं का?" असं उत्तर सुचवणारं न विचारता "काय झालं ते सांग" एवढंच म्हणायचं. मग मुलाच्याच शब्दांत लिहून लगेच सेफगार्डिंग लीडकडे, म्हणजे शाळेत ही जबाबदारी असते त्या व्यक्तीकडे, द्यायचं.

साताऱ्यात आमच्या बाई डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या होत्या, "नाही सांगत हो कुणाला, बोल." त्या एका वाक्यावर मी सगळं बोलले होते. आता तेच वाक्य मला गिळायचंय, आणि तरी मुलाला तितकाच आधार वाटायला हवा. बसमध्ये घरी येईपर्यंत हाच विचार.

निघण्याआधी नव्या मुलांची नावं उच्चारून पाहिली. रोमानियन, सोमाली, गुजराती. काही अजून नीट जमत नाहीत. उद्या परत बसणार आहे.