आम्हाला तारीख हवी होती

"तुमचं सगळं मान्य आहे. पण साहेबांनी नेमकं काय करावं, असं तुमचं म्हणणं आहे?"

सप्टेंबर २००५. आमच्या खासदाराचं स्थानिक ऑफिस. खासदार म्हणजे अमेरिकी प्रतिनिधिगृहातला आमच्या मतदारसंघाचा सदस्य. इथे सोयीसाठी खासदारच म्हणते. आम्ही पाच जण गेलो होतो आणि समोर पंचविशीतला एक सहाय्यक वही उघडून बसला होता. वीस मिनिटं आम्ही इराकबद्दल बोललो. युद्ध कसं खोट्या कारणावरून सुरू झालं, तिथे काय चाललंय, किती माणसं गेली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग हा प्रश्न विचारला. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. कोणी म्हणालं, "युद्ध थांबवा." त्याने वहीत दोन शब्द लिहिले, हात मिळवला आणि आम्ही जिना उतरून पार्किंगमध्ये आलो.

त्या दोन शब्दांपासून पुढे आम्ही काय शिकलो, तेच इथे लिहिते आहे. गावाचं आणि खासदाराचं नाव लिहीत नाही, कारण यात एका सैनिकाच्या घरची गोष्ट आहे.

मी १९९८ मध्ये नोकरीसाठी अमेरिकेत आले. मोर्चात जाणारी मी नव्हे. पण १५ फेब्रुवारी २००३ ला न्यूयॉर्कला गेले. त्या दिवशी जगभर शेकडो शहरांत लोक रस्त्यावर उतरले होते. न्यूयॉर्कमध्ये मोर्च्याला परवानगी नाकारली होती, नुसती सभा घ्यायची मुभा होती. संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीजवळ फर्स्ट अॅव्हेन्यूवर पोलिसांच्या कठड्यांमध्ये आम्ही कोंडल्यासारखे उभे होतो. थंडीने पायाची बोटं बधिर झाली होती. परत येताना ट्रेनमध्ये वाटत होतं, एवढी माणसं बघून तरी हे लोक थांबतील. पाच आठवडेही झाले नाहीत आणि बगदादवर बॉम्ब पडायला लागले. त्यानंतर दोन वर्षं मी काहीच केलं नाही. टीव्ही लागला की उठून स्वयंपाकघरात जायचे.

परत बाहेर काढलं ते बुटांनी. अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी ही क्वेकर लोकांची संस्था. क्वेकर हा युद्धाला मुळातच विरोध असलेला ख्रिस्ती पंथ. इराकमध्ये मरण पावलेल्या प्रत्येक अमेरिकी सैनिकामागे एक लष्करी बुटांचा जोड, असं प्रदर्शन त्यांनी जानेवारी २००४ मध्ये शिकागोत मांडलं तेव्हा ५०४ जोड होते. पुढे ते गावोगाव फिरलं आणि प्रत्येक मुक्कामाला जोड वाढत गेले. आमच्या जवळच्या शहरात आलं तेव्हा मी ऑफिसातून लवकर निघून बघायला गेले. हिरवळीवर रांगा होत्या, कवायतीला उभ्या असाव्यात तशा. प्रत्येक जोडाला नाव, वय आणि राज्य लिहिलेली चिठ्ठी बांधलेली. एका बुटात कोणीतरी घडी घातलेला कागद आणि लहान मुलाची खेळण्यातली मोटार ठेवली होती. पलीकडे इराकी नागरिकांसाठी साधी पादत्राणं होती. बायकांच्या चपला, शाळेत जायच्या वयाच्या मुलींचे सँडल, आणि एक माझ्या तळहाताएवढा सँडल, बक्कल तुटलेला. इराकी माणसांच्या चपला मुळातच कमी मांडल्या होत्या. सगळ्यांच्या मांडायच्या म्हटल्या तर मैदान पुरलं नसतं, आणि त्यातल्या कितीतरी जणांची नावंसुद्धा कोणी लिहून ठेवलेली नव्हती.

तिथे मिळालेल्या कागदावर एका बुधवारच्या बैठकीचा पत्ता होता.

बैठक क्वेकरांच्या प्रार्थनाघरात भरायची. लाकडी बाकं, ना मूर्ती, ना वेदी. दहा-बारा माणसं: निवृत्त शिक्षक, एक नर्स, व्हिएतनाम युद्धातून परत आलेले एक आजोबा, आणि शाळेची बस चालवणाऱ्या एक बाई, ज्यांचा मुलगा मरीन, म्हणजे अमेरिकी नौदलाशी जोडलेल्या लढाऊ दलातला सैनिक, म्हणून इराकच्या अनबार प्रांतात होता. त्या फारशा बोलायच्या नाहीत. त्या पहिल्या भेटीनंतर पार्किंगमध्ये मात्र म्हणाल्या, "माझा मुलगा कधी येणार, हे मला कोणी सांगत नाही. मला सहानुभूती नको. तारीख द्या म्हणावं."

आमचं सगळं काम त्या एका शब्दाभोवती उभं राहिलं. परक्या देशावरचा सैन्याचा ताबा नेहमी तात्पुरताच असतो, परिस्थिती सुधारली की निघणारच असतात. ती कधी सुधारली हे मात्र ताबा घेणाराच ठरवतो. तारीख मागितली की ही पळवाट बंद होते.

मग कामाची रीत शिकलो. क्वेकरांचीच वॉशिंग्टनमध्ये एक संस्था आहे, १९४३ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जाऊन युद्धाविरुद्ध बाजू मांडणारी. त्यांच्या रीतीने चालायचं ठरलं. भेटीत एकच मागणी, आणि तीही अशी की उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल. अमुक विधेयकाला सहप्रस्तावक म्हणून नाव देणार का? अमुक मतदानात काय करणार? बोलणाऱ्याने स्वतःची ओळख आणि गाव आधी सांगायचं. उत्तर टाळलं तर प्रश्न पुन्हा त्याच शब्दांत विचारायचा. आवाज चढवायचा नाही. घरी येऊन त्याच दिवशी आभाराचं पत्र, त्यात त्यांनी काय कबूल केलं ते लिहून.

पत्र म्हणजे फॅक्स. २००१ मध्ये अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पावडर घातलेली पत्रं काँग्रेसमध्ये आली होती. तेव्हापासून तिथली टपाल आधी किरणोत्सर्गाने निर्जंतुक करतात, त्यात बरेच दिवस जातात आणि कागद पिवळा, ठिसूळ होतो. मतदान तीन दिवसांवर असताना टाकलेलं पत्र निकालानंतर पोचणार. म्हणून फोन आणि फॅक्स. फोन उचलणारी मुलं बहुधा विद्यार्थी असतात. ती नाव आणि झिप कोड विचारतात, म्हणजे आपला पिन कोड, आणि बाजूने किती, विरोधात किती अशी नोंद करतात. मला तेव्हा फक्त ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं. फोन करायची भीती वाटायची. पण माझं नागरिकत्व एकाही फोनवर कोणी विचारलं नाही, झिप कोड तेवढा प्रत्येक वेळी विचारला. परदेशातल्या आपल्या लोकांना हे मुद्दाम सांगते. मी उगाच दोन वर्षं गप्प बसले होते.

सावंतवाडीला बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. माझे आजोबा १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींच्या तुकडीत होते. त्या दिवशी पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही गेले. पत्रादेवीला आज स्मारक आहे. बाबा म्हणाले, "अगं, पण गोवा शेवटी लष्करानेच सोडवला ना, एकसष्ट साली?" मी म्हटलं, "हो बाबा. पण आजोबा हद्दीवर गेले तेव्हा त्यांच्या हातात झेंडा होता. आणि ज्यांच्या घरात पोर्तुगीज बसले होते त्यांना ते नको होते. इराकच्या लोकांना कोणी विचारलं?" बाबांचं समाधान झालं असं नाही. पण पुढच्या फोनपासून ते दर वेळी विचारायचे, "काय गं, तारीख मिळाली का?"

२००६ च्या नोव्हेंबरात निवडणुकीत काँग्रेसची दोन्ही सभागृहं बुश यांच्या विरोधातल्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. लोकांनी युद्धाला कंटाळूनच मत दिलं, हे सगळेच म्हणत होते. त्या हिवाळ्यात मृत अमेरिकी सैनिकांचा आकडा ३,००० वर गेला. आणि १० जानेवारी २००७ ला अध्यक्ष बुश यांनी जाहीर केलं की आणखी वीस हजारांवर सैनिक पाठवणार. बसवाल्या बाईंच्या मुलाची तेव्हा दुसरी खेप चालू होती. त्या बुधवारी त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, "वॉशिंग्टनला बस कधी जातेय?"

२७ जानेवारीच्या मोर्चाला आम्ही गेलो. मोर्चाबद्दल फार सांगत नाही, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. महत्त्वाचा होता सोमवार, २९ तारीख. देशभरातून आलेली माणसं त्या दिवशी आपापल्या खासदारांच्या ऑफिसात गेली. आमची मागणी ठरलेली होती. लिन वूल्सी, बार्बरा ली आणि मॅक्सिन वॉटर्स या तिघी खासदारांनी बारा दिवसांपूर्वीच विधेयक मांडलं होतं, क्रमांक ५०८: सहा महिन्यांत इराकमधून सैन्य परत. साहेब त्याला नाव देणार का, एवढाच प्रश्न.

आतल्या खोलीत जागा नाही म्हणून आम्हाला कॉरिडॉरमध्येच उभं केलं. समोर परराष्ट्र विषय बघणारी सहाय्यक. पंधरा मिनिटांची वेळ ठरली होती, त्यातली सहा उरली होती. मी प्रश्न विचारला. ती म्हणाली, साहेबांना युद्ध संपायलाच हवं आहे, पण निधी तोडला तर आपल्या मुलांना गोळ्या आणि चिलखतं कुठून मिळणार?

या प्रश्नावर दीड वर्षापूर्वी आम्ही गप्प झालो असतो. व्हिएतनामवाले आजोबा म्हणाले, "निधी तोडा असं आम्ही म्हणत नाही. तो मुलांना सुखरूप घरी आणण्यासाठीच खर्च व्हावा, असं कायद्यात लिहा. १९७३ मध्ये काँग्रेसने तेच केलं होतं. १५ ऑगस्टनंतर इंडोचायनात लष्करी कारवाईला एक पैसा नाही, असं तारीख घालून लिहिलं, आणि बॉम्बफेक थांबली." ती लिहून घेत होती. मग बसवाल्या बाईंनी पर्समधून मुलाचा फोटो काढला आणि तिच्या वहीच्या उघड्या पानावर ठेवला. म्हणाल्या, "याला कमीत कमी किती दिवस अजून तिथे ठेवायचं, ते यावर लिही." त्या मुलीचं पेन थांबलं. तिने फोटो उचलला, नीट पाहिला, दोन्ही हातांनी परत दिला. "मी साहेबांना हे सांगेन," म्हणाली. एवढंच. पण पुढच्या आठवड्यात खासदार गावी आले तेव्हा त्यांनी आम्हाला स्वतः वेळ दिली.

विधेयक ५०८ ला त्यांनी नाव दिलंच नाही. मला त्याचा फार राग आला होता, आजही येतो. फेब्रुवारीत प्रतिनिधिगृहाने जादा सैन्याला विरोध करणारा ठराव २४६ विरुद्ध १८२ मतांनी केला, पण तो बंधनकारक नव्हता. मार्चमध्ये निधीच्या विधेयकात माघारीची मुदत घातली गेली, २१८ विरुद्ध २१२. आमच्या बैठकीत त्यावरून भांडण झालं. निम्मे म्हणत होते, मुदत असली तरी युद्धाला पैसा देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा कसा द्यायचा? बाकीचे म्हणत होते, पहिल्यांदाच कायद्यात तारीख येते आहे. मी दुसऱ्या बाजूला होते. दोन माणसं त्या रात्री गेली ती परत बैठकीला आली नाहीत. १ मे रोजी बुश यांनी नकाराधिकार वापरला आणि ती तारीख गेली.

मग १० मे. जिम मॅकगव्हर्न या दुसऱ्या एका खासदाराचं विधेयक: ९० दिवसांत माघार सुरू, त्यापुढच्या १८० दिवसांत पूर्ण. तीन दिवस आम्ही फक्त फोन करत होतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून यादीतल्या नावांना: "झिप कोड सांगा, मॅकगव्हर्नच्या बाजूने मत द्या म्हणा, एक मिनिट लागेल." आमच्या मराठी मंडळातल्या अकरा घरांनी फोन केले. गणपतीच्या वर्गणीसाठी जी यादी होती, तीच वापरली. एका काकूंनी इंग्रजी नीट येत नाही म्हणून आधी कागदावर लिहून घेतलं आणि मला दोनदा वाचून दाखवलं.

संध्याकाळी बसवाल्या बाईंच्या घरी टीव्ही लावून बसलो. पडद्यावर आकडे सरकत होते. १७१ बाजूने, २५५ विरोधात. हरलो. पण कोणी कसं मत दिलं याची यादी रात्री संगणकावर आली, आणि आमच्या खासदाराच्या नावापुढे 'होय' होतं. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्या सहाय्यकाने आम्हाला प्रश्न विचारला होता, त्यांचंच. बाई उठल्या आणि चहा करायला गेल्या. मी मागोमाग गेले तर सिंकचा नळ सोडून उभ्या होत्या.

दोनच आठवड्यांनी, २४ मे रोजी, कोणतीही तारीख न घालता निधी मंजूर झाला. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, ८० विरुद्ध १४.

खरी तारीख शेवटी आली ती इराककडून. २००८ च्या नोव्हेंबरात झालेल्या करारात लिहिलं गेलं: ३१ डिसेंबर २०११ पर्यंत सर्व अमेरिकी सैन्य बाहेर. बुश यांचं सरकार तारीख लिहायला तयार नव्हतं. इराकी सरकार अडून बसलं, तिथे लोक बगदादच्या रस्त्यावर उतरले. त्यांनी जे मिळवलं ते आमच्या फोनांनी मिळालं असं मी कधीही म्हणणार नाही. पण करार आल्यावर आमच्या काँग्रेसमधून तो मोडायला कोणी फारसं पुढे सरसावलं नाही. तोपर्यंत तारीख हा शब्द तिथे पुरेसा रुळला होता, एवढं मला नक्की वाटतं.

बाईंचा मुलगा २००७ च्या शरद ऋतूत परत आला. जिवंत आला. त्याला आजही रात्रीची झोप लागत नाही.

१८ डिसेंबर २०११ ला अमेरिकी सैन्याचा शेवटचा ताफा कुवेतच्या हद्दीत शिरला. रविवार होता. आधी सावंतवाडीहून बाबांचा फोन आला. मग बाईंचा. टीव्ही पाहिलास का, विचारलं. हो म्हटलं. थोडा वेळ दोघी काहीच बोललो नाही. मग त्या म्हणाल्या, "अफगाणिस्तानातली मुलं अजून तिथेच आहेत. बुधवारी येशील ना?"