वहीचं डावं पान

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा डोळ्यांपुढं आलं ते वहीचं डावं पान. आठवीला मराठी शिकवायला आलेल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं: निबंध वहीच्या उजव्या पानावर लिहायचा, डावं पान कोरं सोडायचं. साल १९७२. अंबाजोगाईच्या आसपासच्या खेड्यांत पिकं करपून गेलेली, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, घरोघर मिलोच्या, म्हणजे बाहेरदेशाहून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी थापल्या जात होत्या, आणि हे सर अर्धी वही कोरी ठेवा म्हणत होते. आमचे अण्णा भडकले. "कोऱ्या पानाचे पैसे दुकानदार सोडतो का म्हणावं, विचार तुझ्या सरांना." विचारायची छाती कुणाची होती!

डावं पान पुनर्लेखनासाठी होतं. सर उजव्या पानावर लाल रेघा ओढून वही परत देत आणि तोच मजकूर डावीकडे नव्यानं लिहून आणायला लावत. ऱ्हस्व-दीर्घ हा त्यातला किरकोळ भाग. सरांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालेलं. मराठी त्यांनी घरच्या पोथ्या उतरवून काढत कमावली होती. म्हणून असेल, नक्कल करणं आणि पुन्हा लिहिणं यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. कुणी कंटाळा केला की नाथांचं उदाहरण ठरलेलं. पैठणला एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, शिरलेले अपपाठ काढले, शुद्ध प्रत तयार केली. "एवढा मोठा माणूस दुसऱ्याचं लिहिलेलं ओळ न् ओळ तपासत बसला, तुला तुझं एक पान जड झालं होय रे?"

पण सरांची खरी शिकवणी आठवडी बाजारात झाली. चारा नव्हता, त्यामुळे बैल मिळेल त्या भावानं विकले जात होते. सरांनी आम्हाला बैलबाजारात धाडलं: एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा आणि लिहा. दलाल उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून भाव करायचे. शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळायचा नाही. आम्हा पोरांना काय कळणार? बहुतेकांच्या वहीत एकच वाक्य आलं: शेतकऱ्याला फार दुःख झालं. सरांनी सगळ्यांचं खोडलं.

"दुःख झालं हे तुला कसं कळलं? रडायलता का तो?"

"नाही सर. गप उभा होता."

"मग गप उभा राहून काय करायलता, ते लिही की."

मग आठवत बसलो. त्यानं नोटा मोजल्या नव्हत्या, तशाच बंडीच्या आतल्या खिशात कोंबल्या होत्या. बैलाच्या गळ्यातला घुंगुरपट्टा सोडला, मग कासराही सोडून घेतला आणि गुंडाळून खांद्यावर टाकला. घेणाऱ्यानं स्वतःचा कासरा बांधेपर्यंत बैल मोकळाच होता, तरी जागचा हलला नाही. एवढंच डाव्या पानावर उतरलं. सरांनी शेरा दिला नाही, वर्गात वाचून दाखवलं आणि पुढच्या वहीकडे वळले.

आज कथा लिहितो, तेव्हाही पद्धत फारशी वेगळी नाही. सकाळी मोंढ्याकडून, म्हणजे धान्यबाजाराकडून, चक्कर होते. खिशात छोटी डायरी असते, पण तिथं उभं राहून लिहीत नाही. लोक बिचकतात, कुणी वसुलीवाला समजतं. घरी येऊन लिहितो, तोवर जे विसरलं ते बहुधा विसरण्यालायकच असतं. मोबाइलनं फोटो काढायचा मोह मी टाळतो. फोटोत सगळंच येतं, आणि निवडायचं काम तसंच राहून जातं.

वाचनाला दुपार. आवडलेल्या पुस्तकातलं एखादं पान हातानं उतरवून काढतो. लेखकानं वाक्य कुठं थांबवलं हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा आणि श्रद्धांजल्याही सोडत नाही. भावाभावांतलं भांडण नोटिशीत जितकं उघडं दिसतं तितकं कथेत आणायला फार घाम गाळावा लागतो.

रोज लिहिलंच पाहिजे असं मात्र मी मानत नाही. रोज बघावं, रोज वाचावं. लिहिण्यात खाडा पडला तर काही बिघडत नाही. लिहिलेलं काही दिवस कपाटात टाकतो, मग मोठ्यानं वाचतो. जीभ अडखळली तिथं खूण. विशेषणं सगळ्यात आधी जातात. संवाद बायकोला ऐकवतो. ती परभणीची, 'असं कुणी बोलतंय का' म्हणाली की विषय संपला.

सरांनी आम्हाला एकदा संतकवी दासोपंतांच्या पासोडीची गोष्ट सांगितली होती. आपल्याच गावात दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर पंचीकरण हा वेदान्तावरचा ग्रंथ लिहिला. माझ्या बाकावरच्या मित्रानं विचारलं, "सर, कापडाला डावं पान कुठलं? चुकलं तर काय करायचे?" अख्खा वर्ग हसला, सरही हसले, आणि उत्तर न देताच त्यांनी धडा पुढं सुरू केला.

स्मरणिका समितीच्या पत्रात शब्दमर्यादा होती. माझ्या पहिल्या खर्ड्यात गॅदरिंग, सहल, घंटा वाजवणारे शिपाईमामा आणि 'ते सोनेरी दिवस' असं सगळं होतं. सोनेरी दिवस आधी कापले. दुष्काळाच्या वर्षाला ते शोभलेही नसते. शिपाईमामांवर वर्गमित्रांपैकी कुणीतरी लिहीलच.